वर्तुळाबाहेरच्या गावांसाठी: काणकोणच्या सातही पंचायतींना खुले पत्र

प्रति,
सरपंच, पंच आणि ग्रामसभेला येणारे सर्व गावकरी,
लोलये-पोळे, पैंगीण, श्रीस्थळ, खोतीगाव, गावडोंगरी, आगोंद आणि खोल

स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात एका रात्री, जेवणे उरकता उरकता, शेजारच्या वहिनी मिठाची पिशवी हातात घेऊन आमच्या दारात आल्या. मोबाईलवर निरोप फिरत होता की कैगाला, म्हणजे सीमेपलीकडच्या कर्नाटकातल्या अणुवीज केंद्राला, काहीतरी झाले आहे, दारेखिडक्या लावून घ्या. "मास्तर, हे आयोडीनवाले मीठ खाल्ले तर भागेल ना?" त्यांना एवढेच विचारायचे होते. मी कागदावर हिशेब करून दाखवला. अणुदुर्घटनेच्या वेळी मोठ्या माणसाला पोटॅशियम आयोडाइडची १३० मिलिग्रॅमची गोळी देतात, तिच्यात साधारण १०० मिलिग्रॅम आयोडीन असते. किलोभर मिठात असते फार तर तीसेक मिलिग्रॅम. म्हणजे एका गोळीच्या बदल्यात तीन किलोहून जास्त मीठ खावे लागेल, आणि किरणोत्सर्गाच्या आधी ते मीठच माणसाला नेईल. वहिनी हसल्या आणि पिशवी घेऊन परत गेल्या. तासाभरात निरोप खोटा असल्याचेही कळले. (मार्च २०११ मध्ये चीनमध्ये याच समजुतीने दुकानांतले मीठ संपले होते, तेव्हा आमच्या वहिनी एकट्या नाहीत.)

मला मात्र झोप लागली नाही. एकतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, युरेनियमच्या अणूचे विभाजन फळ्यावर किती वेळा काढले त्याची गणती नाही, आणि आलेला निरोप खरा की खोटा हे विचारायला फोन कुणाला लावायचा ते मला ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या दोन पंचांना विचारले. त्यांनी मलाच विचारले. म्हणून ग्रामसभेत मांडायला एक ठराव लिहिला आहे, हे पत्र त्यासाठी.

कैगा आपल्याला लांब वाटते, कारण रस्ता कारवारला जाऊन काळी नदीच्या काठाने वळणे घेत जातो. एकदा नकाशावर पट्टी ठेवून पाहा. आपले तालुक्याचे गाव चावडी सरळ रेषेत ४५ किलोमीटरच्या आसपास, खोतीगावच्या जंगलाची पलीकडची हद्द तीसच्या आसपास, मडगाव सत्तरच्या आत. आपल्या देशात अणुवीज केंद्राभोवतीचे आणीबाणीचे नियोजन १६ किलोमीटरच्या वर्तुळापुरते होते. गोवा सगळा त्या वर्तुळाबाहेर, वर मध्ये राज्याची सीमा. कागदावर आपण निर्धास्त आहोत आणि म्हणूनच आजवर कुणी आपल्याला काही सांगायला आलेले नाही, निदान माझ्या तरी कानावर नाही.

मी अणुवीजेचा विरोधक नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना शिक्का मारायची घाई होणार नाही. कैगाच्या चार अणुभट्ट्या, प्रत्येकी २२० मेगावॉटच्या, गेली कित्येक वर्षे चालू आहेत. त्यांतली पहिली २०१८ अखेर सलग ९६२ दिवस चालली आणि तो तेव्हा जगातला विक्रम ठरला. तिथे काम करणारी माणसे आपल्याच भागातली आहेत, हुशार आहेत. माझे म्हणणे यंत्राबद्दल कमी आणि निरोपाबद्दल जास्त आहे.

तरी यंत्राचे थोडे सांगावेच लागेल. आपल्याकडे मार्च-एप्रिलात काजूच्या भट्ट्या लागतात. भाणाखाली, म्हणजे रस उकळणाऱ्या मडक्याखाली, जाळ, भाणातली वाफ लावणीच्या मडक्यात थंड होऊन उतरते आणि लावणीवर सतत पाणी ओतणारा एक माणूस बसलेला असतो. त्याला डुलकी लागली तर वाफ वाया जाते, माल बिघडतो. पण फार झाले तर भाणाखालची लाकडे ओढता येतात आणि काम थांबते. अणुभट्टीत नेमके हेच जमत नाही. नियंत्रक सळ्या खाली टाकल्या की विभाजनाची साखळी काही सेकंदांत थांबते, म्हणजे लाकडे ओढली गेली. निखारे मात्र मागे राहतात. विभाजनातून तयार झालेली मूलद्रव्ये स्वतःच क्षय पावत उष्णता देत राहतात. बंद करताच ती उष्णता पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के असते, तासाभराने दीड टक्का, दिवसभराने अर्ध्या टक्क्याच्या आसपास. अर्धा टक्का म्हणजे किती? २२० मेगावॉट वीज देणारी भट्टी साधारण ७५० मेगावॉट उष्णता निर्माण करते. बंद केल्यावर दुसऱ्या दिवशीही तिच्यात घरगुती दोन हजार गीझर एकदम चालू ठेवल्याएवढी उष्णता निघत असते. त्यावर कुणीतरी पाणी ओतत राहिले पाहिजे, दिवसेंदिवस. पाण्याला पंप लागतो आणि पंपाला वीज. अणुभट्टीचे बहुतेक मोठे अपघात म्हणजे लावणीवर पाणी ओतणारा हात थांबल्याची गोष्ट.

अमेरिकेत थ्री माइल आयलंडला २८ मार्च १९७९ च्या पहाटे चार वाजता पाणीपुरवठ्याचे पंप बंद पडले. दाब वाढला, सुटकेची झडप उघडली आणि उघडीच राहिली. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र झडप बंद असल्याचे सांगत होता, कारण तो झडपेची स्थिती दाखवत नव्हता, झडपेला बंद होण्याचा हुकूम गेला एवढेच दाखवत होता. पाणी बाहेर चालले होते, आणि आत पाणी जास्त झाले असे समजून चालकांनी आपणहून आलेले आणीबाणीचे पाणी कमी केले. भट्टीचा गाभा, म्हणजे आतले इंधन, निम्म्याच्या आसपास वितळला. हीच झडप अशीच उघडी राहण्याचा प्रकार १९७७ च्या सप्टेंबरात डेव्हिस-बेसी नावाच्या दुसऱ्या केंद्रात घडून गेला होता. तिथे वेळीच लक्षात आले आणि निभावले. पण त्याची खबर थ्री माइल आयलंडच्या चालकांपर्यंत पोचली नाही.

चेर्नोबिलची गोष्ट वेगळी. तिथे त्या रात्री जी चाचणी चालली होती ती सुरक्षेचीच होती, हा दैवाचा खेळ. बाहेरची वीज गेली तर फिरत्या टर्बाइनच्या उरलेल्या वेगावर पंप थोडा वेळ चालतील का, हे पाहायचे होते. भट्टीची शक्ती नको इतकी खाली गेली. ती वर आणायला जवळजवळ सगळ्या सळ्या बाहेर ओढल्या. २६ एप्रिल १९८६ ला रात्री १ वाजून २३ मिनिटांनी आणीबाणीचे बटण दाबले, तर सळ्यांच्या टोकांना ग्रॅफाइट असल्यामुळे त्या आत शिरताना आधी शक्ती वाढली आणि काही सेकंदांत भट्टी फुटली. बटण दाबल्यावर असे होऊ शकते ही गोष्ट १९८३ मध्ये त्याच धाटणीच्या इग्नालिनाच्या केंद्रात दिसून आली होती. ज्यांच्या बोटाखाली ते बटण होते त्यांना ती कुणी सांगितली नव्हती.

आणि फुकुशिमा. याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तिथे दोन केंद्रांची तुलना करता येते. फुकुशिमा दाइइचीची जागा मुळात समुद्रापासून सुमारे ३५ मीटर उंच कड्यावर होती. बांधताना कडा कापून ती दहा मीटरवर आणली. समुद्राचे पाणी चढवायला सोपे आणि पाया खडकावर, असा हिशेब. आणीबाणीचे डिझेल जनित्र बहुतेक तळघरात. २००८ मध्ये कंपनीच्याच अभ्यासात त्सुनामी १५.७ मीटरपर्यंत चढू शकते असा आकडा निघाला. तो आकडा फाइलमध्ये राहिला. ११ मार्च २०११ ला भूकंप झाला, भट्ट्या नियमाप्रमाणे बंद पडल्या, जनित्रे सुरू झाली. पाऊण तासाने पाणी आले, जनित्रे बुडाली आणि तीन भट्ट्यांचे गाभे वितळले. त्याच किनाऱ्यावर, भूकंपाच्या केंद्राला अधिक जवळ, ओनागावा नावाचे दुसरे केंद्र आहे. तिथे यानोसुके हिराई नावाच्या जुन्या अभियंत्याने केंद्र उंचावरच हवे असा हट्ट धरला होता, खर्च वाढतो म्हणून लोकांनी नाके मुरडली तरी. केंद्र १४.८ मीटरवर उभे राहिले. त्सुनामी १३ मीटरची आली. केंद्र तर वाचलेच, आणि घरे वाहून गेलेले शेकडो गावकरी त्याच केंद्राच्या व्यायामशाळेत महिनोन्महिने आसऱ्याला राहिले. त्याच दिवशी, त्याच समुद्राने.

तेव्हा "असे होईल हे कुणाला ठाऊक होते?" हे वाक्य तिन्ही ठिकाणी खोटे आहे. कुणाला तरी ठाऊक होते. ज्याला कळायला हवे होते त्याच्यापर्यंत ते गेले नाही.

आपल्या देशातही चटके बसलेले आहेत. उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्रात ३१ मार्च १९९३ च्या पहाटे टर्बाइनची दोन पाती तुटली, हायड्रोजनला आग लागली, केबली जळाल्या आणि केंद्र १७ तास अंधारात गेले. माणसे हातात बॅटऱ्या घेऊन वर चढली आणि हाताने झडपा फिरवून विभाजनाची साखळी रोखणारे बोरॉनचे पाणी सोडले. त्या माणसांची नावे आपल्या एकाही पाठ्यपुस्तकात मला सापडली नाहीत. गुजरातेतल्या काकरापार केंद्रात ११ मार्च २०१६ ला, फुकुशिमाच्या बरोबर पाचव्या वर्षदिनी, शीतकाची गळती झाली. कैगाला १३ मे १९९४ रोजी बांधकाम चालू असताना घुमटाचे आतले काँक्रीट कोसळले. भट्टीत इंधन नव्हते म्हणून निभावले. २००९ च्या नोव्हेंबरात तिथेच कामगारांच्या पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियम (किरणोत्सर्गी हायड्रोजन) असलेले, भट्टीत वापरतात ते जड पाणी सापडले, पन्नासच्या आसपास कर्मचाऱ्यांच्या पोटात ते गेले, आणि आतल्याच कुणीतरी मुद्दाम मिसळल्याचा संशय होता. यातल्या कशानेही बाहेरच्या गावाला इजा झाली नाही, हे खरे. आपल्या भट्ट्यांची रचना चेर्नोबिलसारखी नाही आणि कैगाला त्सुनामी पोचणार नाही, हेही खरे. पण त्याच जागी ७०० मेगावॉटच्या आणखी दोन भट्ट्या मंजूर आहेत, आणि जड पाणी कूलरमध्ये सापडेल असा प्रसंगही कुणाच्या यादीत नसणार.

आता इताते. फुकुशिमाच्या वायव्येला तीस ते पंचेचाळीस किलोमीटरवरचे डोंगरातले गाव. वस्ती सहा हजारांच्या आसपास, भात, भाजीपाला, गुरे. म्हणजे आपले गावडोंगरीच, थंडी जास्त एवढेच. जपानचे नियोजनाचे वर्तुळ तेव्हा आठ ते दहा किलोमीटरचे होते, त्यामुळे इतातेला स्वप्नातही काही वाटले नव्हते. उलट किनाऱ्यावरून पळून आलेल्या लोकांना त्यांनीच जेवू घातले. १५ मार्चला वारा वायव्येकडे फिरला, संध्याकाळी पाऊस आणि बर्फ पडला, आणि ढगातले किरणोत्सर्गी सीझियम त्या गावच्या शेतांवर उतरले. गाव सोडा असा हुकूम आला २२ एप्रिलला. पाच आठवडे लोक तिथेच राहिले. गावाच्या बहुतेक भागात परत राहायची मुभा मिळाली ती २०१७ च्या मार्चअखेर. सीझियम-१३७ निम्मे व्हायला तीस वर्षे लागतात.

नामिए गावाची हकीकत आणखी जिव्हारी लागते. तिथले लोक सांगितल्याप्रमाणे घरे सोडून निघाले आणि वायव्येला त्सुशिमा भागात जाऊन राहिले, नेमके जिकडे ढग गेला तिकडे. मुले अंगणात खेळत होती. ढग कुठे जाईल याचा अंदाज काढणारी संगणक प्रणाली सरकारकडे होती, अंदाज निघालेही होते, पण त्यांना दिले नाहीत. लोक घाबरतील म्हणून म्हणे. जपानने नंतर वर्तुळ तीस किलोमीटरचे केले.

चेर्नोबिललाही तेच. स्फोट झाला तो शनिवार होता. प्रिप्यातची मुले सकाळी शाळेत गेली, गावात लग्नेसुद्धा लागली. ४९ हजार लोकांना हलवले ते दुसऱ्या दिवशी दुपारी, तीन दिवसांपुरते सामान घ्या असे सांगून. बाहेरच्या जगाला कळले ते २८ एप्रिलला, स्वीडनच्या फोर्समार्क केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांनी धोक्याची घंटा वाजवली तेव्हा. स्फोटाने आणि तीव्र किरणोत्सर्गाने पहिल्या काही महिन्यांत तीस माणसे गेली. पण खरा घाव दुधातून बसला. किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ गवतावर पडले, गाईने गवत खाल्ले, दूध मुलांनी प्यायले आणि ते गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठले. हे आयोडीन आठ दिवसांत निम्मे होते, म्हणजे दोन-तीन महिने ते दूध टाळले असते तर बहुतेक प्रश्न मिटला असता. तसे सांगितले गेले नाही. तेव्हा लहान असलेल्यांत २००५ पर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाचे ६,००० हून अधिक रुग्ण सापडले. बहुतेक उपचारांनी वाचले, पण गळ्यावरची ती खूण आणि आयुष्यभराची गोळी राहिली. शेजारच्या पोलंडने मात्र मॉस्कोच्या कबुलीची वाट पाहिली नाही. स्वतःच्या उपकरणांवर आकडे दिसताच काही दिवसांत एक कोटीहून जास्त मुलांना आयोडीनचा डोस पाजला. सीमेपलीकडच्या शेजाऱ्याने काय करावे, याचा इतका चोख नमुना दुसरा नाही, आणि आपण आहोत ते सीमेपलीकडचे शेजारीच.

भीतीनेही माणसे मरतात, हे मी लपवणार नाही. फुकुशिमात किरणोत्सर्गाच्या तीव्र आजाराने एकही माणूस गेला नाही. घाईघाईच्या स्थलांतरात, बसमध्ये तासन् तास बसवलेले अंथरुणाला खिळलेले रुग्ण, औषधे तुटलेली म्हातारी माणसे, पुढे निर्वासितांच्या खोल्यांत खचलेली माणसे, अशा आपत्तीशी संबंधित मृत्यूंची नोंद त्या एका प्रांतात २,३०० च्या वर आहे. थ्री माइल आयलंडला सूचना होती आठ किलोमीटरच्या आतल्या गरोदर बायकांना आणि लहान मुलांना. काही हजारांपुरती. घर सोडून निघाले सुमारे १ लाख ४० हजार. सूचना स्पष्ट नसली की असेच होते. आपल्या तालुक्याची वस्ती ४५ हजारांच्या घरात आहे. उद्या सगळे गाड्या काढून निघाले तर जाणार कुठे? दक्षिणेला कारवार, म्हणजे कैगाकडेच. पूर्वेला जंगल, पश्चिमेला समुद्र. उत्तरेला करमल घाट, नाहीतर खोलवरून बेतूलचा अरुंद रस्ता. ७ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्रीनंतर काळी नदीवरचा जुना पूल ट्रकसकट खाली आला, तो आपण सगळ्यांनी पाहिला आहे. २ ऑक्टोबर २००९ चा पूरही आपण पाहिला आहे. त्या दिवशी आमच्या घरात पाणी आधी आले, निरोप नंतर.

वाऱ्याचेही सांगतो, कारण याबाबतीत निसर्ग काही महिने आपल्या बाजूने असतो. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा कैगाहून काही उडाले तर ते घाटावर जाईल. ते घाटावरच्या लोकांचे दुर्दैव, त्यात आनंद मानायचे कारण नाही. हिवाळ्यात उलटे. मुलांना भूगोलात मतलई वारे शिकवतो ना, रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे, ते जानेवारीच्या पहाटे आपल्या अंगावर येतात. तेव्हा सगळे गाव झोपलेले असते.

अशा वेळी पहिली सूचना बहुधा असते घरात थांबा, दारेखिडक्या लावा. चांगली सूचना आहे, काँक्रीटच्या घरात तिचा उपयोगही होतो. पण मी आमच्या माजघरात दुपारी बसतो तेव्हा कौलांच्या फटींतून उन्हाचे कवडसे जमिनीवर पडतात, एकदा मोजले तर चौदा भरले. जिथून ऊन येते तिथून हवाही येते. खोतीगाव-गावडोंगरीच्या किती घरांवर स्लॅब आहे? शाळा, देवळाचे सभागृह, पंचायतघर यांपैकी कोणत्या इमारतीत सगळ्या खिडक्यांना तावदाने आहेत? हे कुणा शास्त्रज्ञाला विचारायचे काम नाही. एका रविवारी चार पोरे फिरली तर यादी होते.

धंद्याचे वेगळेच. फुकुशिमाचे पीच तपासून निर्धोक ठरले तरी भाव पडला. मासेमारांना वर्षानुवर्षे मोजकीच, चाचणीपुरती मासेमारी करायची मुभा होती. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये प्रक्रिया केलेले पाणी समुद्रात सोडायला सुरुवात होताच चीनने जपानचे सगळे सागरी अन्न बंद केले. उद्या काळीच्या मुखाशी काही झाल्याची नुसती आवई उठली, तर तळपणच्या बांगड्याला आणि खोलच्या मिरचीला कोण हात लावील? तेव्हा तुमच्या हातात जुने, दर महिन्याचे, तपासणीचे आकडे असतील तरच तोंड उघडता येईल. कैगाला पर्यावरण तपासणारी प्रयोगशाळा आहे, ती पाण्याचे, मातीचे, मासळीचे नमुने घेते. ते आकडे मराठी-कोंकणीत आपल्या ग्रामसभेत वाचले जावेत, आणि गालजीबाग, तळपणचे नमुनेही त्यात असावेत, एवढे आपण मागू शकतो.

ठरावात मी आणखी थोडेच घातले आहे. केंद्रात काही झाले तर दोन्ही राज्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांमध्ये निरोप कोण, किती मिनिटांत देणार आणि तो पंचायतीपर्यंत कसा येणार, हे लेखी मिळावे. मोबाईलचा मनोरा बंद असेल हे धरून. आयोडीनच्या गोळ्या तालुक्याच्या आरोग्य केंद्रात असाव्यात, आधी मुलांसाठी आणि गरोदर बायकांसाठी, आणि कुणाला कधी द्यायच्या ते परिचारिकेला आधीच शिकवलेले असावे. त्या सांगितल्याशिवाय घ्यायच्या नसतात, उशिरा घेतल्या तर उपयोग नसतो आणि त्या फक्त थायरॉइडला वाचवतात, बाकी कशाला नाही. हेही लोकांना आधीच कळलेले बरे. एखादे किरणोत्सर्ग मोजणारे उपकरण चावडीला असावे आणि त्याचा आकडा रस्त्यावरून जाणाऱ्याला वाचता यावा. पोलंडकडे तेच होते.

"उगाच लोकांना घाबरवता," असे कुणीतरी म्हणणारच. वहिनी त्या रात्री मिठाची पिशवी घेऊन आल्या त्या माझ्या भाषणाने नव्हे.

ठरावाचा मसुदा एका पानाचा आहे. पुढच्या रविवारच्या ग्रामसभेत मी आमच्या पंचायतीत तो मांडतो आहे. सूचक मी आहे. अनुमोदक म्हणून शेजारच्या वहिनींनी नाव दिले आहे. उरलेल्या सहा पंचायतींत प्रत्येकी दोन माणसे हवीत. प्रती मी स्वखर्चाने काढून पाठवीन.

आपला नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
काणकोण, गोवा